अप्पांनी नाही म्हटलं होतं, अक्का

अक्का, तुला माती देऊन आज सोळा दिवस झाले. पहिले चार दिवस मी नुसता रडलो. पाचव्या दिवशी दाजींनी माझ्या हातात तुझी फाइल ठेवली आणि तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतोय. दुकानात, मोटरसायकलवर, अंघोळ करताना. परवा एका म्हाताऱ्याचा उत्पन्नाचा दाखला भरता भरता मी मोठ्यानं बोलून गेलो, "निदान मला सांगायचं तरी होतंस." तो बिचारा खुर्चीतून अर्धा उठला आणि म्हणाला, "काय सांगायचं ऱ्हायलं का सायेब?"

फाइलीत काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको. अप्पांचा बाप्तिस्मा झाल्याचा कागद होता. आपल्या अप्पांचा, उत्रोलीच्या विहाराची किल्ली ज्यांच्या करदोड्याला असायची त्यांचा. ते गेल्यावर सव्वा वर्षानं, परदेशातल्या तुमच्या मंदिरात, त्यांच्या नावानं दाजी पाण्यात उतरले आणि अप्पा तुमच्या धर्मात आले. हे तू घडवून आणलंस आणि त्यानंतर दहा वर्षं माझ्यासमोर बसून वरणभात खाल्लास.

आता सगळं पहिल्यापासून काढणार आहे. भांडण रंगात आलं की "मला ड्यूटीला जायचंय" म्हणून उठायची तुझी खोड होती. आता कुठं जाशील?

तू पुण्याला नर्सिंगला गेलीस आणि दुसऱ्या वर्षी सुट्टीला आलीस ती चहा सोडूनच. आईला वाटलं, पित्त झालं असेल. तू सांगितलंस की देवाची मनाई आहे. अप्पा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आमी देव सोडला तवा चहा न्हाई सोडायला लागला. तुझ्या देवाचं लईच नखरं दिसत्यात." तू हसलीस, आम्हीही हसलो. मॉर्मन म्हणजे नक्की कोण हे आपल्या आळीत कुणाला कळलं नाही आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. "पोरगी ख्रिश्चन झाली" एवढ्यावर लोकांचं भागलं. अप्पांना मात्र सगळं बारीकसारीक माहीत होतं, कारण तू त्यांच्याशी तासन्‌तास वाद घालायचीस. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुझ्या मनानं गेलीस ना? मग खुशाल जा."

मला तिकडे ओढलंस तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, बारावीला दोनदा आपटलेला आणि भोरच्या स्टँडवर दिवसभर गुटखा चघळत बसणारा होतो. पांढरा शर्ट तूच घेऊन दिलास. दर रविवारी पहिल्या एसटीनं मी पुण्याला यायला लागलो. तिथं लोक मला भाऊ म्हणायचे, माझ्यासाठी खुर्ची ओढायचे. गुटखा सुटला. तिथल्याच एकानं कॉम्प्युटर शिकवला. आज तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे ते त्यामुळेच. तू मला माणसात आणलंस, आणि ते मी या रागातसुद्धा नाकारणार नाही.

मग तुला नावांचं वेड लागलं. तुमच्या, म्हणजे तेव्हा आपल्या, धर्मात मेलेल्या पूर्वजांचीही सोय होती. त्यांची नावं शोधायची, तक्ता करायचा, आणि त्यांच्या वतीनं मंदिरात कुणीतरी बाप्तिस्मा घ्यायचा, म्हणजे सगळं कुटुंब मेल्यावरही एकत्र राहतं. मला खरं म्हणजे नावं शोधण्यातच जास्त गोडी होती. आपल्या लोकांची नावं कुणी जपून ठेवली होती? जुन्या कागदात आजोबा सापडले, त्यांच्या मागे नावाच्या जागी नुसती जात होती.

आपण दोघं नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याला आत्याकडे गेलो ते आठवतं? आत्या ओटीवर बसून नाचणी पाखडत होती. पणजीचं नाव काय गं, असं तू विचारलंस. तिनं सूप खाली ठेवलं. "ठकू," ती म्हणाली. "म्या आठ वर्साची व्हते तवा गेली. माझ्या डोक्यातल्या उवा काढायची. आजपातुर मला तिचं नाव कुणी इचारलं न्हाई गं बाई." परतीच्या एसटीत तू खिडकीकडे तोंड करून रडत होतीस. मी वहीत ठकू हे नाव पुन्हा एकदा नीट अक्षरात लिहिलं. तुझा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि नंतरही फारसा नाही.

अप्पांनी तर धडाधड नावं सांगितली. काकाचं, चुलत आजोबांचं, कोण कुठल्या साथीत गेलं, कुणाला मूलबाळ नव्हतं, सगळं. त्यांची समजूत अशी की जातीच्या पडताळणीला वंशावळ लागते ती आपण करतोय. माझ्या दुकानात रोज तीच कामं चालायची, त्यांना संशय येण्याचं कारण नव्हतं. आपण त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. तूही नाही आणि मीही नाही. तक्ता मी टाइप केला. अप्पांचं नाव मीच घातलं आणि ते जिवंत होते म्हणून पुढचा रकाना मोकळा सोडला. फसवणूक तिथूनच सुरू झाली, आणि तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होतो.

अप्पांना ते कळलं शेवटच्या आजारात. चर्चमधल्या एक बाई त्यांना भेटायला आल्या, मोसंबी घेऊन. चांगल्या मनाच्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, तुम्ही काळजी करू नका, तुमचं नाव तक्त्यात आहे, पुढचं मुलं बघतील. त्या गेल्यावर अप्पांनी तुझ्याकडून सगळं काढून घेतलं. मग तोंडावरचा ऑक्सिजन स्वतःच बाजूला केला.

"म्या धरम एकदाच बदलला," ते म्हणाले. "माझ्या मनानं. बाप नको म्हणत व्हता, गाव नको म्हणत व्हतं, तरी बदलला. आता दुसऱ्यांदा कुणी माझा बदलायचा न्हाई. मेल्यावर तर अजिबात न्हाई. नाव काढ माझं त्यातनं."

तू आधी नर्सच्या सवयीनं ऑक्सिजन नीट लावलास. मग त्यांचा हात धरून म्हणालीस, "तुमचं नाव न्हाई देणार अप्पा. शब्द देते." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मी ते या कानांनी ऐकलं.

अप्पा गेल्यावर दीड वर्षानं मी त्या धर्मातून बाहेर पडलो. रविवारच्या वर्गात शिकवत होते की ज्यांना इथं धर्म मिळाला नाही ते आत्मे एका तुरुंगात वाट बघत असतात. शिकवणारे गृहस्थ भले होते, समजावून सांगत होते की हा तुरुंग म्हणजे तसा तुरुंग नव्हे. पण मला अप्पा दिसले, टोपी हातात घेऊन कुठल्याशा बाकावर बसलेले. ज्या माणसानं जन्मात कुणाचं वाकडं केलं नाही त्याला माझा धर्म ताटकळत ठेवत असेल तर मला तो धर्म नको होता. त्यात ग्रंथांचा अभ्यास वगैरे काही नव्हता. त्या दिवशी परत येताना कापूरहोळला उतरलो आणि अकरा वर्षांनी चहा मागवला. फार गोड होता, अर्धा टाकला.

तुला सांगायला आलो तेव्हा वाटलं होतं, तू मला दारातूनच परत पाठवशील. तू पान वाढलंस. मी म्हणालो, "अप्पा तुरुंगात हायेत असं म्या कधीच मानणार न्हाई." तू माझ्याकडे न बघता आमटी वाढत म्हणालीस, "अप्पांची काळजी करू नको तू." घरी येऊन मी बायकोला सांगितलं की अक्काला आतून पटलंय, फक्त तोंडानं कबूल करत नाही. किती मूर्ख होतो मी. तोवर तू त्यांना तुझ्या मते सोडवूनही आणलं होतंस.

त्यानंतर आपण किती भांडलो. प्रत्येक भेटीत तुझा एकच प्रश्न: मग आता तू मानतोस तरी काय? मी काहीतरी फाटे फोडायचो. खरं उत्तर असं आहे की मला नीट माहीत नाही. विहारात जातो, वंदना म्हणतो, अर्धा वेळ लक्ष दुसरीकडेच असतं. अप्पांसारखं ठणकावून मला काहीच म्हणता येत नाही. देव आहे असं वाटत नाही. पण तुझ्या आजाराचा रिपोर्ट आला त्या दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आत बसलो, आणि माझ्या तोंडून "हे स्वर्गातील पित्या" निघालं. तू शिकवलं होतंस तसंच, डोळे मिटून, हात छातीशी बांधून. पूर्ण प्रार्थना म्हटली मी, शेवटच्या आमेनपर्यंत. तुला हे सांगितलं नाही, कारण तू जिंकल्यासारखं बघितलं असतंस. सांगायला हवं होतं. आजारपणात तुला तेवढाच आनंद झाला असता.

आणि मग तू मला हॉस्पिटलात एकटं गाठलंस. दाजी औषधं आणायला खाली गेले होते. "पांढऱ्या कपड्यात न्या, माती द्या, एवढं ह्यांना ठाऊक हाय," तू म्हणालीस. "पण माझ्यामागं गावाकडं काय करू देऊ नको. त्रिसरण नको, जलदान नको. विहारात माझं नाव घेऊ नका. आई लई रडंल. तू सांभाळ." मी हो म्हणालो. तू माझा हात दाबलास. त्या वेळी तुला अप्पांचा हात आठवला नाही का गं?

दफनाच्या दिवशी चुलते मेणबत्त्या आणि उदबत्ती घेऊन आले होते. मी फाटकातच त्यांना ते सगळं पिशवीत परत ठेवायला लावलं. "बापाचं नाव घालवलं तुमी दोघांनी," ते चारचौघांत म्हणाले. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान वर केली नाही. तुझ्यासाठी ऐकून घेतलं. तेव्हा बरंही वाटलं, की बहिणीचा एक शब्द तरी आपण पाळला.

पाचव्या दिवशी दाजींनी फाइल दिली. "तुमच्या घराण्याचा तक्ता आहे, तुमच्याकडेच असू द्या." मी आपला टाइप केलेला तक्ता बघत होतो. ठकू होती. सगळी होती. आणि अप्पांच्या पुढचा, मी मोकळा सोडलेला रकाना भरलेला होता. त्याला जोडलेल्या कागदावर त्यांची जन्मतारीख एक जून. ती पण मीच दिली होती. परदेशी निघण्याआधी तुम्ही आईला भेटायला आलात, मी तुम्हाला कापूरहोळपर्यंत पोचवायला आलो, आणि गाडीत बसता बसता तू विचारलंस, अप्पांची जन्मतारीख काय रे, आईच्या एका कागदाला हवीय. मी म्हणालो, शाळेच्या दाखल्यावर सगळ्यांची असते तीच, मास्तरांनी लावलेली. म्हणजे अप्पा त्या दिवशी जन्मलेसुद्धा नव्हते. तुमच्या मंदिरात कुठला माणूस आला देव जाणे.

मी दाजींना विचारलं, हे काय आहे. ते खरंच गोंधळले. "तुम्हाला माहीत नव्हतं? ती तर म्हणाली होती, आम्हा दोघा भावंडांची इच्छा आहे म्हणून. मी त्यामुळेच त्यांच्या वतीनं उभा राहिलो."

दोघा भावंडांची. अप्पांना दिलेला शब्द तू मोडलास, तो तुझा शब्द होता. पण मोडताना माझं नाव पुढे केलंस. मी पायथ्याशी उभा राहून त्यांचं 'नाही' ऐकलं होतं आणि तू मला हो म्हणणाऱ्यांत नेऊन बसवलंस. इतकी वर्षं दाजी माझ्याकडे बापाला धर्मात आणायला तयार असलेला मुलगा म्हणून बघत होते, आणि मी त्यांच्या घरी जाऊन अप्पांच्या आठवणी सांगत होतो. लाज वाटते मला.

तू असतीस तर म्हणाली असतीस, पाण्यात काही नसतं असं तूच मानतोस ना, मग तुला कशाला लागतंय? प्रश्न बरोबर आहे. अकरा दिवस मी तोच चघळतोय. समजा, दाजी अंघोळ करून आले. अप्पांचं काय गेलं? मला एवढंच सुचतं: अप्पांचं नाव त्यांच्या बापानं ठेवलं. जात गावानं दिली. जन्मतारीख मास्तरांनी दिली. आयुष्यात एक गोष्ट त्यांनी स्वतःहून घेतली होती, आणि ती तू त्यांचं 'नाही' ऐकून, त्यांचा हात हातात धरून, मग बदललीस.

तुझं पुढचं उत्तरही मला पाठ आहे. "तिकडं त्यांना निवड असती. नको असंल तर नको म्हणतील." अगं, हितं म्हणाले होते की.

तुला अप्पा कायमचे हवे होते. त्यांच्याशिवायचा स्वर्ग तुला सहन झाला नसता, हे मला कळतं. मी तुझा भाऊ आहे, मला न कळायला काय झालं. कुणा परक्यानं हे केलं असतं तर मी दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. तू मायेपोटी केलंस म्हणून मला धड शिवीही देता येत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

आणि एवढ्यात आईनं मला बोलावलं. "मातीला तुझं ऐकलं," ती म्हणाली. "आता रविवारी विहारात तिचं जलदान करू. माझ्या लेकीच्या नावानं चार शब्द व्हऊ दे. ती तुला जलदानाचं काय बोलली व्हती का? बोलली नसंल तर करूच."

ते फक्त मला माहीत होतं, अक्का. दाजींनाही नाही. "न्हाई, काय बोलली न्हाई," एवढं म्हटलं की झालं. आई सुखावली असती. चुलते माझ्याशी पुन्हा बोलायला लागले असते. आणि तुझी-माझी फिट्टंफाट. तुझं नाव विहारात माइकवरून घेतलं जाताना मी पहिल्या रांगेत बसलो असतो. नको असलं तर तिकडं नको म्हणशील, निवड असतीच की तुला. हे वाक्य मी मनात कितीदा घोळवलं, आणि दर वेळी मला मनापासून बरं वाटलं. दोन दिवस मी आईला काहीच उत्तर दिलं नाही. गप्प बसलो तेच तिनं उत्तर धरलं.

रविवारी सकाळी विहारात सतरंज्या पडल्या. आईनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं, तू गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड होता. बौद्धाचार्यांनी वही काढली, पेन उघडलं, आणि मला तुझं पूर्ण नाव विचारलं.

"लिहू नका," मी म्हणालो. "अक्काची इच्छा न्हवती. मला सांगून गेलीय ती."

चुलत्यांनी कपाळावर हात मारला. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्या तिची आई हाय."

"व्हय."

"मग मला काय वाटतं ते कुणीच इचारायचं न्हाई का? तिनं इचारलं न्हाई. तू बी इचारीत न्हाईस."

ती वाकली आणि नुकतीच टाकलेली सतरंजी स्वतःच गुंडाळायला लागली. मी हात लावायला गेलो तर तिनं तो झटकला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट सरकवते आणि आत जाते. फाइलीतलं मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तुझं नाव माझ्या आधी विहाराबाहेर काढलं असतं, आणि ते तिला या वयात सोसलं नसतं.

मी हे तुझ्या मायेनं केलं असं समजू नकोस. माफ केलं म्हणून तर नाहीच. माझा राग जिथल्या तिथं आहे, कदाचित जन्मभर राहील. अप्पांचं नाव लिहिलं जात होतं तेव्हा नको म्हणायला तिथं कुणी नव्हतं, अक्का. तुझ्या वेळी मी होतो.